संथ चित्रपट आणि घाईतले कार्यकर्ते

संथ चित्रपट म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असा एक समज आपल्या कार्यकर्त्यांत गेली कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे. तो कोणी तपासून पाहत नाही. कारण तो उच्चारला की बोलणारा आपोआप जनतेच्या बाजूचा ठरतो आणि ऐकणारा अभिजनांच्या. अकोल्याच्या अभ्यासशिबिरात तैवानचे दिग्दर्शक होऊ श्याओ-श्येन यांचा ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ हा १९८९ सालचा चित्रपट दाखविण्यात आला. त्यावरून जे वादंग माजले त्यात हाच समज पुन्हा एकदा सिद्धान्ताच्या थाटात मांडला गेला. पुढील शिबिरांतून असले चित्रपट वगळावेत, अर्ध्या तासाचे माहितीपट दाखवावेत आणि उरलेला वेळ भाषणांना द्यावा, अशी सूचनाही काही साथींनी केली आहे. या सूचनेला माझा विरोध आहे. त्याची कारणे कलेच्या प्रांतातली कमी आणि आपल्या राजकारणातली अधिक आहेत, म्हणून ती या पानावर मांडीत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. १५ ऑगस्ट १९४५. जपानचा सम्राट रेडिओवरून शरणागतीची घोषणा करीत आहे आणि तैवानातील एका घरात, वीज गेलेली असताना, एक बाई बाळंत होते आहे. १८९५ पासून पन्नास वर्षे हे बेट जपानच्या ताब्यात होते. आता ते चीनच्या कुओमिंतांग सरकारकडे आले. लिन कुटुंबातील चार भावांपैकी एक डॉक्टर, तो फिलिपाइन्सच्या युद्धावरून परतलेलाच नाही. एक शांघायहून परतला तो मनाने मोडून. घराचा धंदा सांभाळणारा थोरला भाऊ गुंडांच्या भांडणात मारला जातो. धाकटा वेन-चिंग मूकबधिर आहे, छायाचित्रे काढून पोट भरतो. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी नव्या राजवटीविरुद्ध उठाव भडकला आणि सैन्याने तो चिरडून काढला. सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाने १९९२ मध्ये मृतांचा अंदाज १८ ते २८ हजार असा दिला. १९४९ मध्ये पुकारलेला लष्करी कायदा १९८७ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, उठला नाही. एवढा काळ त्या हत्याकांडाविषयी उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. कायदा उठल्यावर दोनच वर्षांनी हा चित्रपट आला.

आणि तरीही त्यात हत्याकांड म्हणून जे दाखवावयाचे ते जवळजवळ दाखविलेलेच नाही. कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर असतो. जेवणाचे टेबल, दवाखान्यातला बोळ, डोंगरउतारावरचे गाव, चिठ्ठ्या लिहून एकमेकांशी बोलणारे वेन-चिंग आणि परिचारिका हिनोमी. रेडिओवर राज्यपालाचे निवेदन ऐकू येते; माणसे ते ऐकतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. हिनोमीचा शिक्षक भाऊ आणि त्याचे डाव्या विचारांचे मित्र डोंगरात जाऊन राहतात. अखेर सैन्य तेथेही पोचते. हे सारे अडीच तासांहून अधिक चालते.

यात आपले काय, असे एका साथीने विचारले. वऱ्हाडच्या माणसाने तरी हे विचारू नये. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच! १९४७ च्या ऑगस्टात आपल्या याच गावी अकोला करार झाला. मग मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १८९५ च्या सुमारास येथे जन्मलेला आणि १९६० नंतर वारलेला माणूस एकाच घरात राहून इतक्या सरकारांचा रयत झाला, आणि यातील किती बदलांच्या वेळी त्याला कोणी काही विचारले होते? आपल्याकडे या बदलांत तैवानसारखे रक्त सांडले नाही. हा फरक फार मोठा आहे, तो विसरून तुलना ताणू नये. पण राज्य बदलते तेव्हा सामान्य घरात काय बदलते आणि काय तसेच राहते, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

आता सभागृहातील प्रतिक्रियांकडे वळतो. साठेक माणसे होती. तळाच्या ओळी इंग्रजीत असल्याने शाळेत शिकविणारे एक साथी त्या ध्वनिक्षेपकावरून मराठीत वाचून दाखवीत होते. चित्रपट संथ होता म्हणूनच हे जमले. हल्लीच्या वेगवान चित्रपटात दुभाष्याचा जीव गेला असता. (योगायोग असा की चित्रपटातही एका वाटाघाटीच्या प्रसंगी शांघायच्या मंडळींचे म्हणणे दोन-दोन दुभाष्यांच्या तोंडून लिनांपर्यंत पोचते. त्या वेळी सभागृहात चांगलाच हशा पिकला.) पहिल्या तासाभरात वीसेक जण बाहेर व्हरांड्यात गेले. त्यांत बहुतेक आपले पूर्णवेळ कार्यकर्ते आणि महाविद्यालयीन तरुण होते. आत राहिलेल्यांपैकी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची तक्रार, कोणता भाऊ कोणता हेच शेवटपर्यंत कळले नाही. ही तक्रार रास्त आहे. नातेसंबंध उलगडून सांगण्याची तसदी दिग्दर्शकाने मुळीच घेतलेली नाही. एका सिंधी दुकानदाराने, ज्यांचे कुटुंब फाळणीत सर्व काही सोडून अकोल्यास आले, चर्चेत भाग घेतला नाही. फक्त दवाखान्यातले डॉक्टर आणि परिचारिका नव्या सरकारची भाषा लहान मुलांसारखी घोकतात तो भाग पुन्हा लावता येईल का, असे विचारले. जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका कामगाराने झोप चांगली लागली असे प्रांजळपणे सांगितले. आणि एका अंगणवाडी सेविकेने असा प्रश्न टाकला की ज्याचे उत्तर आम्हा प्राध्यापकांपैकी कोणाकडेही नव्हते: “हे सारे मानसं घडीघडी जेवूनच राह्यले, पन रांधून कोन राह्यलं?”

थोडक्यात, हे जनतेला समजणार नाही असे सांगणारे बाहेर चहा पीत होते आणि जनता आत बसली होती. काही जनता झोपली होती हेही मान्य.

गरिबाला वेळ नसतो, म्हणून त्याला झटपट काही हवे असते, असा युक्तिवाद केला जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो मुळातच चुकीचा वाटतो. कोरडवाहू वऱ्हाडात शेतमजुराला बारमाही काम कधीच नव्हते. तसे असते तर रोजगार हमीची मागणी आपण केली नसती आणि १९७७ चा कायदाही झाला नसता. गरिबाकडे वेळ नाही असे नाही. त्याच्या वेळेवर त्याची मालकी नाही. त्याचा वेळ दुसऱ्याच्या दाराशी थांबण्यात जातो. गुढीपाडव्याला सालाची बोली होते आणि सालदाराचे सबंध वर्ष धन्याच्या नावे लिहिले जाते. १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना चालली. ती तत्त्वतः योग्य होती असे माझे आजही मत आहे. पण खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी गाडीखालीच रात्र काढीत, हे ज्यांनी पाहिले आहे ते विसरणार नाहीत. तहसील कचेरी, शिधावाटप दुकान, सरकारी दवाखाना, न्यायालय: सर्वत्र गरीब माणूस थांबलेला असतो. घाई असते ती ज्यांच्यासाठी इतरांनी थांबावयाचे असते त्यांना. तेव्हा वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा चित्रपट हा गरिबाच्या अनुभवाबाहेरचा कसा म्हणता येईल? रात्ररात्र चालणाऱ्या गाडगेबाबांच्या कीर्तनांना याच मुलखातली उपाशी-अर्धपोटी माणसे हजारोंनी बसत. कीर्तनात संवाद होता, हशा होता, टाळ्या होत्या, चित्रपटात ते नाही, हे खरे. पण तेथे ‘वेळ कुठे आहे’ ही तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

संथपणाविरुद्धच्या या तक्रारीचा आपल्या देशातील इतिहासही साथींनी ध्यानात घ्यावा. मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हा १९६९ चा चित्रपट. बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्यावर त्याची वाट पाहत उभी राहणारी बायको, एवढाच त्याचा विषय. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर तो निघाला आणि कंटाळवाणेपणाची शिवी म्हणून त्याचे नाव पुढे कैक वर्षे वापरले गेले. १९७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या ऐन भरात, संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने या महामंडळाच्या कर्जधोरणावर ठपका ठेवला. असल्या चित्रपटांना पैसे देऊन ते वसूल होत नाहीत, सर्वसाधारण प्रेक्षकाला रुचेल असे काही काढा, असा त्याचा रोख होता. ज्या वर्षी लोकांचा आवाज बंद होता त्या वर्षी लोकांच्या आवडीची एवढी काळजी सत्ताधाऱ्यांना वाटावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. आपले साथी आज जे बोलतात ते नकळत त्याच हिशेबाच्या वहीतले आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही माझे मित्र आहेत आणि त्यांचाही समाचार घेतला पाहिजे. चित्रपट मंडळांतून वावरणारे हे रसिक संथपणाची पूजा करतात. ‘ध्यान’, ‘काव्य’, ‘पौर्वात्य कालभान’ असे शब्द त्यांच्या तोंडी असतात. ज्याला कंटाळा येतो त्याची अभिरुची अपक्व, असा त्यांचा निवाडा. या मंडळींना १९४७ च्या हत्याकांडाविषयी विचारले तर पार्श्वभूमी म्हणून ते त्याचा उल्लेख करतात आणि पुन्हा चौकटीतल्या प्रकाशाकडे वळतात. ज्यांची माणसे रात्री घरातून नेली गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्या गप्प राहण्याला ध्यान म्हणणे हा असभ्यपणा आहे. शिवाय त्यांना गैरसोयीची एक गोष्ट अशी की व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाल्यानंतर हा चित्रपट पाहण्यासाठी तैवानच्या सामान्य प्रेक्षकांनी गर्दी केली. ही माणसे काव्य पाहावयास गेली नव्हती. आपल्या घरात जे चाळीस वर्षे कोणी बोलले नाही ते पडद्यावर कोणीतरी बोलणार आहे, या आशेने ती गेली असावीत.

आपल्याकडे या वादाचे सर्वांत जवळचे उदाहरण चित्रपटाचे नसून नाटकाचे आहे, आणि ते आपल्याच मुलखातून आलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग, सुमारे आठ-नऊ तासांच्या प्रयोगात, सादर केली. विदर्भातील धरणगाव, तात्याजी वारलेले, तेराव्याचा खर्च कसा भागवावयाचा हा प्रश्न, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आपला मुलगा गेला हे ध्यानी न येता हाका मारीत राहणारी म्हातारी दादी, शिकावयाचे होते पण शिकू दिले गेले नाही अशी प्रभा. घडते ते फार थोडे. घर खचत जाते, आणि ते खचताना आपण पाहत राहतो.

या नाटकावर आपल्या गोटात दोन मते होती व आहेत. एक मत असे की देशपांड्यांचा वाडा पडला तर समाजवाद्याने रडण्याचे कारण काय? ज्या वाड्याने पिढ्यान्‌पिढ्या कुळांचे कष्ट खाल्ले तो पडला हे चांगलेच झाले. त्यावर अश्रू ढाळणारे नाटक प्रतिगामी होय. दुसरे मत पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहांतून येते: किती हे हृदयद्रावक, संस्कृती लयाला गेली! माझ्या मते दोघांनीही नाटक नीट पाहिलेले नाही. रडणाऱ्यांना हे दिसत नाही की वाड्याच्या आतच प्रभाचे आयुष्य मोठेपणाच्या नावाखाली गाडले गेले होते आणि नाटक ते झाकत नाही. टीका करणाऱ्यांना हे दिसत नाही की एक वर्ग कसा मरतो याचा इतका बारकाईने लिहिलेला ताळेबंद आपल्या पुस्तिकांतून सापडणार नाही. १९५८ चा विदर्भातील कूळ कायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांनी वतनदारी मोडली असे आपण भाषणांत सांगतो. प्रत्यक्षात नात्यागोत्यांच्या नावांवर जमिनी फिरवून कायद्याला किती ठिकाणी बगल दिली गेली हे आपण जाणतो. वाडे पडले ते मुख्यतः कष्टाची लाज, वाटण्या आणि खोटी प्रतिष्ठा यांनी. कर्ज काढून श्राद्ध घालणारे घर कोणत्याही कायद्याविना बुडते.

पण एलकुंचवारांवर एक आक्षेप घेतलाच पाहिजे, आणि तो वेगाचा नाही. तेरा दिवस आपण त्या वाड्यात बसतो आणि कुटुंबाबाहेरचे माणूस जवळजवळ रंगमंचावर येत नाही. वाड्याची शेती कसणारा सालदार कोठे आहे? कापूस वेचणाऱ्या बाया, महारवाड्यातून बौद्धवाडा झालेल्या वस्तीतली माणसे कोठे आहेत? त्यांच्या दृष्टीने तात्याजींचा मृत्यू ही काय घटना होती? त्या सेविकेचा प्रश्न मी विसरू शकत नाही तो यामुळे. लिनांच्या टेबलाला आणि देशपांड्यांच्या पंगतीला तो सारखाच लागू पडतो. संथ कलाकृतीला विचारावयाचा प्रश्न हा आहे की एवढा निवांत वेळ हाती असताना, साथी, तुम्ही कोणाला चौकटीत घेतले आणि कोणाला दाराबाहेर उभे केले? ‘लवकर संपवा’ ही मागणी करणारा प्रेक्षक हा प्रश्न कधीच विचारू शकत नाही, कारण तो तोवर व्हरांड्यात गेलेला असतो.

तैवानच्या डाव्या टीकाकारांनी या चित्रपटावर कडाडून हल्ला केला होता, याचा दाखला आपल्या एका साथीने दिला. दाखला खरा आहे. १९९१ मध्ये ‘नव्या सिनेमाचा मृत्यू’ अशा अर्थाच्या नावाचा लेखसंग्रहही तेथे निघाला. आक्षेप असा की इतिहासातील सर्वांत भीषण घटना कडेला ढकलली गेली आणि नायकच मुका-बहिरा केल्यामुळे राजकारणाचा आवाज बंद झाला. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. कोणी गोळ्या घातल्या, कोणाच्या हुकमाने, कोणत्या हितसंबंधांसाठी, हे समजून घेण्यास चित्रपट पुरेसा नाही. त्यासाठी इतिहास वाचावा लागतो. पण वेन-चिंग तुरुंगात असताना कोठडीतील सोबत्यांना एकेक करून बाहेर नेले जाते, आणि त्याला काही ऐकू येत नाही. तो फक्त दाराकडे पाहतो. हुकूमशाहीखाली जगणाऱ्या लक्षावधी माणसांची स्थिती याहून नेमकी कशी सांगावयाची? आणखी एक गोष्ट टीकाकार सहसा सांगत नाहीत. होऊ यांचा जन्म १९४७ चा, चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातला. त्यांचे कुटुंब मुख्यभूमीवरून तैवानात आलेले, म्हणजे त्या बेटावरच्या भाषेत ‘बाहेरचे’. बाहेरच्याच्या मुलाने स्थानिकांच्या घरातील मौन ऐकावयास इतका वेळ दिला. राष्ट्राध्यक्षांनी त्या हत्याकांडाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्ये, चित्रपटानंतर सहा वर्षांनी. चित्रपटामुळे ती मागितली गेली असा दावा मी करीत नाही.

हिनोमी हे या चित्रपटाचे खरे निवेदन आहे. घटना आपल्याला कळतात त्या बहुतेक तिच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून. शेवटी नवऱ्याच्या अटकेची हकीगत तीच पत्राने कळविते. त्याआधी तिघांनी, नवरा, बायको आणि तान्हे मूल, चांगले कपडे घालून छायाचित्र काढून घेतलेले असते. पळून जाण्याजोगी जागा उरलेली नसते.

येथे मला आपल्या चळवळीकडे वळणे प्राप्त आहे. १९७५ ते १९७७ या २१ महिन्यांत आपले कितीतरी साथी स्थानबद्ध होते. त्यांच्या तुरुंगातील आठवणी, सत्याग्रहांचे वृत्तान्त, अभ्यासवर्गांच्या हकीगती छापल्या गेल्या, आणि ते योग्यच झाले. पण घरी राहिलेल्यांचे काय? पगार थांबल्यावर किराणा कोणी उधार दिला, कोणी दार लावून घेतले, शाळेत मुलाला ‘तुझे वडील कोठे असतात’ असे विचारल्यावर त्याने काय सांगितले, भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी किती तास उभे राहावे लागले, हे आपल्या साहित्यात अगदी तुरळक सापडते. त्या काळच्या साथींच्या पत्नी आज ऐंशीच्या घरात आहेत, काही गेल्या. त्यांना विचारावयास आपण गेलो नाही, कारण त्यात ‘घटना’ नव्हती. आपल्याला मोर्चा दिसतो. मोर्च्याहून परतणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेले ताट दिसत नाही. अडीच तास एका घरात बसून राहण्याचा ज्यांना कंटाळा येतो, ते या बायकांसमोर दोन तास गप्प बसून ऐकतील यावर माझा विश्वास नाही. संथ चित्रपट शिबिरातून काढून टाकण्यास माझा विरोध आहे तो याचसाठी.

तेव्हा पुढील शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी माझी सूचना अशी. चित्रपट पुन्हा दाखवावा, काटछाट न करता. सुरुवातीस दहा मिनिटांत लिन कुटुंबाची नाती फळ्यावर काढून द्यावीत, म्हणजे बँकवाल्या गृहस्थांची तक्रार राहणार नाही. दुसऱ्या दिवशी ‘वाडा चिरेबंदी’चे वाचन ठेवावे आणि त्यावर प्रथम बोलावयास जमीनदारांच्या नव्हे, सालदारांच्या घरातून आलेल्या साथींना सांगावे. आणीबाणीत घर सांभाळलेल्या अकोला-अमरावतीच्या दोघी-तिघींना तिसऱ्या सत्रात बोलवावे. त्या सत्राला वेळेची मर्यादा नसावी. आणि तिन्ही दिवस स्वयंपाकघर व चहा यांची जबाबदारी, या वेळी, ठरलेल्या वक्त्यांकडे द्यावी.